रिकाम्या पेटीतली कात

"प्लास्टिकचे डबे म्हणजे तुरुंग गं, ब्लांका," माझा नवरा ओटाकार कुरकुरला.

"आणि तुझ्या काचेच्या पेट्या घासून माझी कंबर मोडली, त्याचं काय?"

शेवटी ब्रनो शहरातल्या आमच्या दोन खोल्यांतले सगळे साप डब्यांत गेले. त्याच्या हट्टापायी काचेची एक पेटी तेवढी रिकामी राहिली.

आज तिच्यात ओलसर कात सापडली. डबे तपासले, तर सगळे साप जागेवर.

"टाकून दे," तो जांभई देत म्हणाला.

पण कात फेकून देण्याआधी तिचे डोळे भिंगातून बघायची आम्हा साप पाळणाऱ्यांची सवय. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक चकती असते, ती कातीबरोबर नीट निघाली ना, एवढंच बघायचं.

या कातीला पापण्या होत्या. मिटलेल्या.

भिंगच मळलं असेल, म्हणून मी ते ॲप्रनला पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

पापण्या उघडल्या होत्या.