फिल्टरचं पाणी

"मातीचा रिपोर्ट आला का गं?" आईनं बादली खाली ठेवत विचारलं. परसातला सोनचाफा बाबांनी शेवटच्या आजारपणात लावला होता. आता त्याची पानं कडांनी जळत चालली होती.

"माती खारट झालीय, आई. फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार फार असतात."

"तेच तर रोज घालते मी. थेंब वाया घालवू नकोस, म्हणायचे ना हे." तिनं बादली पुन्हा उचलली. "मग आता बोअरचं घालू?"

"तेही खारंच. मुळं गेलीत गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फिल्टरची नळी मोरीत वाहत होती. दुखऱ्या गुडघ्यांनी रोज बादली घेऊन निघणारी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, उठतेस ना?"

"कशाला?"