गाळलेल्या ओळी

“हाही गाळतोय,” ती म्हणाली आणि दुसरा टॅबलेट काउंटरवर सरकवला.

मोबाइलच्या दुकानातल्या मुलीने तो उचलला. “काय गाळतोय, काकू?”

“ओळी. निम्म्याहून जास्त.”

तिला खरंच कळेना. पहिल्या टॅबलेटचा आवाज घाईचा होता, म्हणून तिने दोष घाईवर ढकलला. दुसऱ्याचा आवाज स्वच्छ. तिला दिसत नसे; पण काचेवरून बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते तो बोलून दाखवी, दोनदा टकटक केलं की ते उघडून देई. सगळं रीतसर. पण मुलाच्या ईमेलपाशी याचंही गाडं तिथेच अडलं. ‘आई, कामात आहे. सगळं ठीक. नंतर लिहितो.’ बस्स.

हाच ईमेल सकाळी नवऱ्याने वाचून दाखवला होता. चांगली पाच मिनिटं. ‘आई, हल्ली तू डाव्या पायावर भार देत नाहीस. झोपताना पायाखाली उशी घेत जा. काम करताना तू गुणगुणतेस ना, तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं.’ मुलगा परदेशी गेल्यापासून दर आठवड्याला असं काहीतरी येई. ते दुपारी एकटीने पुन्हा ऐकता यावं, एवढ्यासाठीच तिला टॅबलेट हवा होता. नवऱ्याला ‘परत वाचा’ म्हटलं की नेमका त्याचा चष्मा हरवायचा.

नवरा कंपाउंडर आणि मुळात घुमा. जेवणात मीठ कमी पडलं तर मुकाट्याने उठून घेईल, पण बोलणार नाही.

“यंत्रातच बिघाड असेल,” तो शेजारून पुटपुटला. “दुसऱ्या दुकानात बघू या.”

“थांबा हो जरा.”

तीस वर्षं तिने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली होती. लाइन तुटलीय, की पलीकडचा माणूसच गप्प बसलाय, हे तिला नुसत्या कानांनी कळायचं. आज मात्र डोकं चालेना. एक यंत्र बिघडेल. दोन यंत्रं नेमकी एकाच शब्दावर कशी बिघडतील?

तिने तिसरा मागितला. पासवर्ड स्वतःच सांगितला. याच्या कडेला ठसठशीत बटण होतं, हाताला बरं वाटलं. तिने बोट फिरवलं. ‘आई, कामात आहे. सगळं ठीक. नंतर लिहितो.’ बोट आणखी खाली नेलं. काच गार आणि गप्प.

“मुली, तू डोळ्यांनी बघ. पुढे काय लिहिलंय?”

“पुढे काहीच नाही, काकू. एवढंच आहे.”

नवरा उगाच खोकला.

ती तशीच उभी राहिली, सगळा भार उजव्या पायावर टाकून. डावा पाय दुखायला लागून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. कुणापाशी ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. मुलाला परदेशी जाऊन तर तीन वर्षं झाली होती. तिची चाल रोज बघणारं घरात एकच माणूस होतं.

“चौथा दाखवू का?” मुलीने विचारलं.

“नको, हाच दे. बरोबर वाचतोय तो.” तिने काउंटरवरून हात सरकवत नवऱ्याची बाही शोधली आणि घट्ट धरली. “अहो, मुलाचं ऐकून झालं. आता तुमचं वाचा.”