'तब्येत' नावाचा फोल्डर

"वहिनी, डावीकडे काय काय दिसतंय ते वाचा बरं," फोनवर दीर म्हणाला.

तिने वाचलं. इनबॉक्स, वीजबिलं, शिकवण्या, कचरापेटी. 'तब्येत' नव्हता. लॅबची मेल थेट त्याच फोल्डरात जावी, अशी सोय तिनेच करून ठेवली होती. गाठीचा रिपोर्ट मंगळवारीच पाठवला, असं लॅबवाली छातीठोकपणे सांगत होती, आणि इथे फोल्डरच गायब.

"प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडलात?"

"तीनदा. जीव टांगणीला लागलाय हो भाऊजी."

नवरा स्वयंपाकघरात चहा करत होता. एरवी ज्याला साखरेचा डबा सापडत नसे, तो दोन दिवस न सांगता चहा करत होता.

"उद्या विचारू की लॅबला," तो आतूनच म्हणाला. "एवढी कसली घाई?"

गाठ हिच्या अंगात, आणि घाई कसली म्हणे!

"आता खात्याच्या नावावर माऊसचं उजवं बटण दाबा," दीर सांगू लागला. "सगळ्या फोल्डरांची यादी येईल. ज्याच्यापुढे टिक नसेल, तो बाहेर दिसत नाही."

"आहे! आहे हो 'तब्येत'! काखेत कळसा नि गावाला वळसा. याच्या एकट्याच्याच पुढे टिक नाहीये. आपोआप जाते का ती?"

"छे, हाताने काढावी लागते. परवाच तर दादाने मला विचारलं, की फोल्डर न पुसता नुसता लपवायचा कसा..." दीर घाईघाईने म्हणाला, "वहिनी, मी नंतर करतो फोन."

तिने टिक केली. फोल्डर आला. आत सर्वांत वर लॅबची मेल होती. न वाचलेली मेल ठळक अक्षरांत दिसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ही अक्षरं बारीक होती.

तिला संताप आला, आणि भीती तर त्याहून जास्त वाटली. ती मेल उघडायला बोट धजेना.

नवरा दोन्ही हातांत कप घेऊन दारात उभा होता. त्याची नजर स्क्रीनवर गेली आणि तिथेच थांबली.

"सोमवारची वेळ घेतलीय डॉक्टरांची," तो म्हणाला. "तोवर तरी तुला झोप लागावी म्हणून..."

तिने शेजारची खुर्ची ओढली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"किती वेळा वाचलंत हो, एकट्याने?"