पाण्यातली गुरे

प्लॅट नदीकाठच्या त्या खाणीतली खडी संपली, तेव्हा आम्ही तिच्या भिंती चिकणमातीने लिंपून तिचा तलाव केला आणि भोवतीच्या उतारांवर गवत पेरले. दोन वर्षे त्यावर एकही खूर पडू दिला नाही. खाणीची जमीन पूर्ववत झाली का, हे बघायला उद्या सरकारी तपासनीस बाई येणार होत्या. गवताने मूळ धरलेले दिसले, तर लोवेल आजोबांची गुरे आपल्या जुन्या रानात परतणार होती. नाहीतर आणखी दोन वर्षे थांबायचे. आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे होते.

त्या सकाळी मी तलावातल्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी बघत होतो. आजोबा शेजारी येऊन उभे राहिले.

"समोर बघ रे, डेल. माझीच ना ती?"

समोरचा काठ रिकामा होता. पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबात मात्र तांबडी गुरे शांतपणे चरत होती.

"हाक मारू नका, आजोबा."

"घाबरतोस काय? घरातली माणसं ऐकत नाहीत माझं, पाण्यातली गुरं ऐकतायत होय!"

हसत हसत त्यांनी ती लांब, चढत जाणारी हाक घातली. या खोऱ्यात ती हाक फक्त त्यांचीच गुरे ओळखत.

प्रतिबिंबातल्या माना वर झाल्या. गुरे ओळीने आमच्या काठाकडे आली आणि दिसेनाशी झाली. पाणी हलले नाही.

मग आमच्या पायांजवळ गवत खुडल्याचा आवाज सुरू झाला. कोवळी पाती एकेक करून नाहीशी होऊ लागली.

"आजोबा, उद्या तपासणी आहे! परत पाठवा त्यांना."

"परत पाठवायची हाक मला येत नाही रे," ते हळूच म्हणाले. "कधी गरजच पडली नाही."

माझ्या मनगटाला उबदार, ओलसर श्वास लागला.