हाताजोगतं

बायकोला अलीकडे विसरायला होत होतं. स्वयंपाक तेवढा अजून चुकत नव्हता. तो आणखी सोपा व्हावा, म्हणून ती चार दिवस बहिणीकडे गेली तेव्हा नवऱ्याने स्वयंपाकघरातली कपाटं उपसली. कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात त्याची हयात गेली होती. झाकणं हरवलेल्या बरण्या, पोचे आलेले डबे त्याने काढून टाकले. रोजचं ते शेगडीजवळ, क्वचित लागणारं वर, आणि प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी.

ती आली आणि दारातच थबकली. “चाळीस वर्षांत आज सापडलं वाटतं स्वयंपाकघर!”

“थट्टा पुरे. चहा टाक, बघ कसा चटकन होतो.”

तिने आधण ठेवलं. उजवा हात सवयीने वर गेला आणि रिकाम्या फळीवर चाचपडत राहिला. मग ती एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचू लागली. तांदूळ. मीठ. साखर. चहा. पुन्हा मीठ. आधण आटत चाललं.

“अगं, आत्ताच वाचलास ना चहा! घे की तो डबा.”

तिने वळून पाहिलं. “चहा करत होते का मी?”

त्याने शेगडी बंद केली. “राहू दे. मी सगळं होतं तसं लावून देतो. काय कुठे होतं ते लिहून घ्यायचं राहिलंच माझं. तेवढं सांग फक्त.”

ती ओशाळून हसली. “ते मला कुठे ठाऊक होतं हो? हात जायचा आपोआप.”