आपल्याच जाळीत

मध्यंतरात डॅन्यूबकाठच्या एका फुटबॉल क्लबचे मालक ओग्न्यानसाहेब खेळाडूंच्या खोलीत आले आणि क्रासेनला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "आज हरायचंय. एकदाच त्यांच्या कुणाला तरी तुला चुकवून जाऊ दे. तुझं वय झालंय, संशय येणार नाही."

क्रासेनचं सगळं आयुष्य बचावफळीत गेलं होतं. दात पडले, भुवई फाटली, पण त्याने कुणाला फुकट वाट दिली नव्हती.

उत्तरार्धात समोरचा खेळाडू चाल करून आला. क्रासेनने त्याच्या पायातून चेंडू अलगद काढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तो वळला, चेंडू घेऊन आपल्याच गोलकडे चालत गेला आणि मालकांच्या खुर्चीकडे बघत त्याने तो आपल्याच जाळीत मारला.

गोलरक्षक मिलेनने येऊन त्याची गचांडी धरली. "अक्कल गहाण टाकलीस का रे? असं चारचौघांत करतात? मी सोडणारच होतो ना एक गोल!"

क्रासेनने आपल्या दंडावरची कर्णधाराची पट्टी काढून त्याच्या दंडावर चढवली.

"घे. साहेबांना तूच शोभतोस."