लाल ठिपका

हेलिकॉप्टरचं पातं थांबायच्या आतच म्हातारी वेनेरा, गावची दोना म्हणजे बाईसाहेब, कुंपणाशी येऊन उभी राहिली. नुंत्सियोला ती वरूनच दिसली होती. आज तरी ही यायला नको होती, असं त्याला फार वाटलं.

एटना ज्वालामुखीवरून उडायचं आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने डोंगर पाहायचा, हे नुंत्सियोचं काम. तापलेलं लाल दिसतं, गार असेल ते निळं. मागच्या हिवाळ्यात लाव्हा बर्फावर चढला, बर्फाची एकदम वाफ होऊन स्फोट झाला आणि वाटाड्या चिरिनो तापल्या दगडांखाली गाडला गेला. त्याचा देहही हाती लागला नाही. खडक असा तापलेला, की जवळ जाणाऱ्याच्या बुटांचे तळ वितळायचे. तेव्हापासून त्याची आई वेनेरा प्रत्येक उड्डाणानंतर इथे येई आणि पडद्यावर त्या जागेचा लाल ठिपका पाहून जाई. लेकाचं थडगं म्हणून तिच्याकडे तेवढंच होतं.

उन्हाळ्यात ठिपका फिकटला. आज तिथे निळं होतं.

"दाखव बघू," आत येऊन पडद्यासमोर खुर्ची ओढत ती म्हणाली. "आणि तोंड का असं उतरलंय? बायको उपाशी ठेवते का?"

"नाही हो मावशी. वर वारा फार होता."

ती चष्मा पुसायला लागली, तेवढ्यात त्याने रंगांची पट्टी खाली ओढली. असं केलं की जराशी ऊबही लाल दिसते. पण चोराच्या हाताला कुठला धीर! पट्टी हवी त्यापेक्षा बरीच खाली गेली.

वेनेराने चष्मा चढवला आणि ती बराच वेळ पाहत राहिली.

"अगंबाई, आज सगळा डोंगरच तापला की रे."

नुंत्सियो उगाच टेबलावरची वायर गुंडाळू लागला.

"काल रात्री वर बर्फ पडलाय. माझ्या गच्चीतून दिसतो. तोही लाल?" ती त्याच्याकडे वळली. "चिरिनोबरोबर शाळा बुडवायचास, तेव्हाही तुला धड खोटं बोलता यायचं नाही."

त्याने पट्टी जागेवर आणली. निळं झालं. बर्फ, खडक, ती जागा, सगळं एकाच रंगाचं. त्याला हुंदका आवरेना.

"गार झालं, मावशी. तुम्हाला सांगायचा धीरच होईना."

आता ही कोसळेल, म्हणून त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"पूर्ण गार?"

"हो."

"आत, भेगांमध्येसुद्धा?"

"भेगांमध्येसुद्धा."

तिने पदराआड धरावा तसा शालीखाली झाकलेला उजवा हात बाहेर काढला आणि त्या तळहाताकडे ती पाहत राहिली.

"मग आता हात लावता येईल ना रे त्याला?"